स्थलांतरित पक्ष्यांसाठी देशादेशांत झालेले करार खरोखर उपयोगी पडतात का?

इंदापूर तालुक्यातील एका शिक्षकांनी प्रश्न विचारला आहे. उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबांना (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांना) त्यांच्या गावात कोणी त्रास देत नाही. पण मार्चमध्ये हे पक्षी हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे निघून गेल्यावर आपल्या हातात काय उरते, असे ते विचारतात. देशादेशांतील करारांनी एखादा तरी पक्षी वाचला आहे का, की हे सगळे परिषदांपुरतेच असते, हा त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. पाणपक्ष्यांची गणना आणि त्यांच्या पायांत कड्या घालण्याच्या कामात माझी पंचवीसएक वर्षे गेली, आणि अशा काही परिषदांमध्ये मागच्या रांगेत बसण्याचा योगही आला. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

नुसत्या करारावर सही झाल्याने पक्षी वाचत नाही. त्याच्या हजारो किलोमीटरच्या वाटेवर तो नेमका कोठे मरतो आहे हे कोणीतरी शोधून काढावे लागते, आणि त्या ठिकाणच्या माणसांपर्यंत पोचावे लागते. ते ठिकाण दुसऱ्या देशात असेल तर तेथे जाऊन विचारणा करण्याचा अधिकार करारामुळे मिळतो, आणि विचारणा कोणाकडे करायची हेही ठरलेले असते. कराराचा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडका नाही. ज्या ठिकाणी जागा सापडली आणि माणसेही भेटली तेथे एक-दोन हंगामांत फरक पडला. जेथे यांतले एक राहून गेले तेथे चांगला करारही कामी आला नाही.

ही जागा शोधणे इतके महत्त्वाचे का, हे पक्षी हातात घेतल्यावर चटकन कळते. एप्रिलच्या सुरुवातीला, चंद्र नसलेल्या रात्री, आम्ही खाडीच्या चिखलात बारीक जाळी उभारतो आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने विजेरी घेऊन फेरी मारतो. जाळीत सापडणाऱ्यांपैकी सर्वांत लहान असतो छोटा टिलवा. मुठीत धरला तर फक्त डोके बाहेर राहते. हिवाळ्यात त्याचे वजन वीस-बावीस ग्रॅम भरते. गळ्याखाली हंसुळीच्या हाडापाशी एक खळगा असतो. तेथील पिसांवर हळूच फुंकर मारली की ती बाजूला होतात आणि पातळ कातडीखालचे दिसू लागते. जानेवारीत तो खळगा रिकामा आणि लालसर असतो, एप्रिलमध्ये लोण्यासारख्या पिवळ्या चरबीने काठोकाठ भरलेला. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशापर्यंतच्या प्रवासाची शिदोरी ती हीच, पण ती एका दमात तेथवर पुरत नाही. वाटेत दोन-चार ठिकाणी उतरून, पोटभर खाऊन, पुन्हा चरबी साठवावी लागते. त्यांपैकी एक पाणथळ जागा बुजवली गेली तर पुढच्या साऱ्या जागा राखूनही त्या पक्ष्याचा काही फायदा होत नाही, कारण तो तेथवर पोचतच नाही. अशा सलग मार्गाला आपण उड्डाणमार्ग म्हणतो, आणि त्याची मजबुती त्यातल्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते.

सैबेरियन क्रौंचाच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९६४-६५च्या हिवाळ्यात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सुमारे दोनशे सैबेरियन क्रौंच उतरले होते. उद्यानाला संरक्षण होते, पुढे जागतिक वारशाचा मान मिळाला, १९८४ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी स्वतंत्र करार झाला, आणि १९९३ मध्ये बॉन कराराच्या (स्थलांतरित वन्यप्राण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) छत्राखाली या एकाच पक्ष्यासाठी त्याच्या मार्गावरील देशांचा सामंजस्य करारही झाला. सैबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातील या क्रौंचांची घरटी माणसांच्या वस्तीपासून फार दूर होती. म्हणजे मार्गाची दोन्ही टोके बऱ्यापैकी सुरक्षित होती. कच्ची कडी मध्ये होती: अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवर आणि पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरील कुर्रम, झोब ही खोरी. तेथे क्रौंच पकडणे हा पिढ्यानुपिढ्यांचा शौक आहे. पाळीव क्रौंच तळावर बांधून ठेवायचे, त्यांच्या हाकेने आकाशातून जाणारा थवा खाली ओढायचा आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी वर भिरकावून पक्षी गुंतवून पाडायचा, अशी ती पद्धत आहे. या शिकाऱ्यांचा रोख मुख्यतः कांड्या करकोच्यांवर असे; हाही एक क्रौंचच. पण त्या थव्यांच्या वाटेने जाणाऱ्या मोजक्या सैबेरियन क्रौंचांतील दोन-चार दरवर्षी गेले तरी हिशोब संपतो. अफगाणिस्तानात तर १९७९ पासून युद्धच चालू होते. करार कोणाशी करायचा आणि तो पाळणार कोण? २००१-०२च्या हिवाळ्यात भरतपूरला शेवटची जोडी दिसली. त्यानंतर ती जागा रिकामी आहे. पुढे २०१२ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन पांढरा पोशाख घालून, मोटार बसवलेल्या हँग-ग्लायडरवर बसून, पिंजऱ्यात वाढवलेल्या क्रौंचांना वाट दाखवायला आकाशात उडाले होते, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत ते छायाचित्र झळकले. मला त्या प्रयत्नाची थट्टा करायची नाही, पण कुर्रम खोऱ्यातल्या शिकाऱ्यांशी वीस वर्षे आधी कोणी बसून बोलले असते तर ते अधिक स्वस्तात पडले असते.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिका खंडातले आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने ते मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. स्वेन्सन हॉक नावाचा बाज कॅनडा आणि अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत घरटी करतो आणि हिवाळ्याआधी अर्जेंटिनाच्या पंपास मैदानांत जातो. तेथे त्याचे मुख्य खाणे नाकतोडे आणि टोळ. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातील अभ्यासकांच्या लक्षात आले की दरवर्षी परत येणारे पक्षी कमी होत आहेत. घरट्यांच्या भागात कारण सापडेना. म्हणून त्यांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे ट्रान्समीटर बसवले आणि त्या संदेशांच्या मागे थेट अर्जेंटिनाच्या शेतांत जाऊन पोचले. तेथे झाडांखाली मेलेल्या बाजांचा खच पडला होता. लसूणघासावर आणि सूर्यफुलावर नाकतोड्यांसाठी फवारलेले मोनोक्रोटोफॉस खाऊन मेलेले, किंवा थेट फवाऱ्याखाली सापडलेले पक्षी होते ते. १९९५-९६च्या एका हंगामात असे हजारो मृत पक्षी मोजले गेले. मग अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिना यांचे अधिकारी, शास्त्रज्ञ, शेतकरी आणि हे औषध तयार करणारी कंपनी एकत्र बसली, त्या भागातील साठा परत घेतला गेला, शेतकऱ्यांना पर्याय दाखवले गेले, आणि पुढच्याच हंगामात मृत पक्ष्यांचा आकडा हजारांवरून काही डझनांवर आला. पुढे अर्जेंटिनाने या औषधावर बंदी घातली. उपग्रहाने कच्ची कडी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या पिकात आहे इतके नेमके दाखवल्यामुळे हे इतक्या लवकर झाले.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्याकडे नवे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत हेही होते. जे औषध फवारणाऱ्या माणसाचा जीव घेते ते त्याच शेतातले किडे टिपणाऱ्या भोरड्यांना आणि हिवाळी पाहुण्या बाजांना सोडणार नाही. तेव्हा कझाकस्तानातल्या एखाद्या अभ्यासकाला आपले पक्षी कमी का होत आहेत याचे उत्तर शोधत उद्या विदर्भात यावे लागले तर त्यात नवल नाही. कच्ची कडी नेहमी दुसऱ्याच देशात असते, ही समजूत आपण काढून टाकलेली बरी.

अमूर ससाण्याची कथा बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, तरी तिच्यातील एक भाग बहुधा सांगितला जात नाही. हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा ससाणा आग्नेय सैबेरिया, मंगोलिया आणि ईशान्य चीनमध्ये वाढतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखोंच्या संख्येने तो नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात उतरतो, कारण त्याच सुमारास तेथे पंख फुटलेल्या वाळव्या जमिनीतून बाहेर पडतात. २०१२ मध्ये तेथून आलेल्या चित्रफितींनी सर्वांनाच हादरवले. पक्षी रात्री जेथे बसतात त्या झाडांमध्ये मासेमारीची जाळी ताणून, पकडून, पिसे काढून आणि धुरावर भाजून त्यांची विक्री चालली होती. एका हंगामात एक लाखाहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्या परिसरात शिकार जवळजवळ थांबली. हे कसे झाले?

न सांगितला जाणारा भाग असा की जाळी लावणारे लोक मूळचे शेतकरी होते आणि त्यांच्या भातशेतीचा काही भाग याच धरणाखाली गेला होता. धरणाने शेती घेतली, मासेमारी दिली, आणि ससाण्यांचे थवेही त्याच पाण्याच्या आसऱ्याला येऊ लागले. म्हणजे जलाशय, जाळी आणि पक्षी हे तिन्ही एकाच ठिकाणी आले ते अलीकडेच. ही परंपरागत शिकार नव्हती, नवा धंदा होता. म्हणूनच पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभा, चर्च, वन विभाग आणि स्वयंसेवी कार्यकर्ते एकत्र बसले तेव्हा तो सोडवता आला. गावांनी स्वतः ठराव करून बंदी घातली, आणि पूर्वी जाळी लावणारेच राखणदार झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय आणि हंगेरियन शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे ट्रान्समीटर बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली. गावाच्या नावाचा पक्षी दख्खन ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाच्या किनाऱ्याला लागला ही बातमी गावात पोचल्यावर काय झाले असेल, याची कल्पना ज्याने आपल्या मुलाला पहिल्यांदा परगावी पाठवले आहे त्याला सहज करता येईल. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कधी कधी दिसणारे अमूर ससाणे याच प्रवासातले असतात.

यात कराराचा वाटा किती? माझ्या मते थोडा, पण निर्णायक. भारत १९८३ पासून बॉन कराराचा सदस्य असल्यामुळे हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असे कोणाला म्हणता आले नाही. शिवाय पक्षी एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा असल्यामुळे त्याचा माग काढण्यासाठी परदेशी शास्त्रज्ञांना बोलावण्याचे कारण आयतेच मिळाले. २०१६ मध्ये भारताने शिकारी पक्ष्यांसाठीच्या सामंजस्य करारावरही सही केली. म्हणजे येथे काम आधी झाले आणि सही नंतर.

पूर्व आशियाच्या मार्गाबद्दल थोडक्यात लिहितो. चीन आणि कोरिया यांमधील पीत समुद्राच्या काठचे भरती-ओहोटीचे चिखलपट्टे पन्नास वर्षांत निम्म्याहून अधिक नाहीसे झाले. दक्षिण कोरियातील सेमानगुम येथे तेहतीस किलोमीटरची भिंत बांधून २००६ मध्ये एक मोठी खाडी समुद्रापासून तोडली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या किनारी पक्ष्यांची संख्या कोसळली. त्याच वर्षी त्या मार्गावरील देशांनी एक भागीदारी उभारली. ती कायद्याने कोणालाही बांधत नाही, आणि अशा ढिल्या व्यवस्थेतून काही निघणार नाही असे तेव्हा मलाही वाटले होते. परंतु वर्षानुवर्षे जमवलेले आकडे आणि चमच्यासारख्या चोचीच्या तुतारीची जगभरात उरलेली अल्पशी संख्या यांमुळे चीनमध्ये हा विषय वरच्या पातळीपर्यंत गेला. २०१८ च्या आरंभी चीनने व्यापारी कारणांसाठी समुद्र बुजवणे थांबवण्याचा निर्णय घेतला आणि २०१९ मध्ये त्या किनाऱ्याचा काही भाग जागतिक वारसा यादीत गेला. माझा अंदाज साफ चुकला होता. करार बंधनकारक आहे की नाही, यापेक्षा त्याच्यामागे पक्ष्यांचे आकडे आहेत की नाहीत हे अधिक मोलाचे ठरले.

आता आपल्या मार्गाकडे येऊ. उजनीवरचे पट्टकादंब ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात तो रशियाच्या उत्तर टोकापासून हिंदी महासागरातील बेटांपर्यंत पसरला आहे. त्यावर तीस देश येतात आणि पाणपक्ष्यांच्या १८२ प्रजाती त्याचा वापर करतात. त्याचा कृती आराखडा २००५ मध्ये दिल्लीतील बैठकीत तयार झाला आणि मग बराच काळ कपाटात राहिला. आफ्रिका-युरेशियाच्या पाणपक्ष्यांसाठी वेगळा करार १९९५ पासून होताच. त्यात आपला मार्ग मिसळून टाकावा की स्वतंत्र ठेवावा यावर खल चालला. शिवाय भारत, पाकिस्तान, चीन, अफगाणिस्तान, इराण आणि रशिया यांना एकाच टेबलाभोवती नियमितपणे बसवणे सोपे नाही, हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉन कराराची परिषद गांधीनगरला भरली तेव्हा भारताने पुढाकार घेतला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत या मार्गासाठीचा संयुक्त उपक्रम मंजूर होऊन त्याचा समन्वय कक्ष भारतात असावा असे ठरले. त्या कक्षाने पहिली काही वर्षे घोषणा कमी कराव्यात आणि कोणत्या देशाकडे कोणत्या पक्ष्याचे किती आकडे आहेत याची एक साधी, सर्वांना पाहता येणारी नोंदवही तयार करावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा वाटते तितकी सोपी नाही, कारण पक्ष्यांच्या माहितीवरही देशांचा विश्वास पटकन बसत नाही. आपल्याकडे कड्या घालण्याचे पद्धतशीर काम १९५९ मध्ये सालिम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू केले. पक्ष्यांबरोबर रोगांचे विषाणू येतात का, हा त्यामागचा एक प्रश्न होता. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन निधीचा हात लागला, आणि सत्तरच्या दशकात त्यावरून संसदेपर्यंत गदारोळ झाला. इजिप्तमध्ये २०१३ मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक पांढरा करकोचा हेर समजून पोलिसांच्या ताब्यात गेला होता. हसू येते खरे, पण सीमेवरच्या हवालदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर पाठीवर तार असलेला पक्षी पाहून तो काय करणार? अशी प्रकरणे टाळायची असतील तर शेजारच्या देशाला आधी कळवण्याची पद्धत असावी लागते. करारातून मिळणाऱ्या गोष्टींपैकी ही एक, बातम्यांत न येणारी.

रोगांच्या बाबतीतही तेच. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये सापडली, तेव्हा बोट लगेच पाहुण्या पक्ष्यांकडे गेले. पक्ष्यांवर आळ घ्यायचा की कोंबड्यांच्या व्यापाराची वाहतूक तपासायची, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी कोणता थवा कधी कोठे होता याच्या नोंदी दोन्ही देशांकडे हव्यात.

तेव्हा आपल्या हातात काय उरते, या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की उजनी हीसुद्धा त्या साखळीतली एक कडी आहे, आणि ती पक्की आहे की कच्ची हे मंगोलियातल्या कोणाला कळायचे असेल तर ते आपणच सांगायला हवे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या निकषांनुसार, एखाद्या पाणथळ जागी एखाद्या पक्ष्याच्या त्या मार्गावरील एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी नियमितपणे येत असतील तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. म्हणजे एका शाळेच्या मुलांनी सलग पाच वर्षे नीट केलेली मोजणी पुरावा म्हणून उभी राहते. महाराष्ट्रात नांदूरमध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी आज त्या यादीत आहेत. मोजताना ऐकीव माहिती मात्र बाजूला ठेवावी. ठाण्याच्या खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) सैबेरियाहून येतात असे दरवर्षी कोठे ना कोठे छापून येते. प्रत्यक्षात त्यांतले पुष्कळसे कच्छच्या रणातून येतात, आणि त्यांच्यासाठी करार करायचा तर तो गुजरातशी करावा लागेल.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. मंगोलियात गळ्याभोवती रंगीत पट्टा अडकवलेले पट्टकादंब भारतात अनेक ठिकाणी दिसले आहेत, तेव्हा आपल्याकडेही दुर्बिणीतून प्रत्येक थव्याच्या माना नीट तपासाव्यात. पट्टा दिसला तर त्याचा रंग, त्यावरील अक्षरे व आकडे वरून खाली ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, अक्षरांचा रंग, तारीख, वेळ, पाण्याची कोणती बाजू आणि बरोबर किती पक्षी होते, हे लगेच तेथेच वहीत लिहावे. छायाचित्र अस्पष्ट आले तरी ठेवून द्यावे. जवळ जाण्यासाठी नाव पुढे काढू नये. थवा उडाला तर अक्षरेही गेली आणि त्या पक्ष्यांचे खाणेही. मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूची कडी सापडली तर ती सपाट करून ठेवू नये, तिच्यावरचा मजकूर आहे तसा उतरवून घ्यावा. मोठ्या पक्ष्यांच्या आपल्या कड्यांवर ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ असे रोमन अक्षरांत कोरलेले असते, दुसऱ्या देशाची असेल तर त्या देशाच्या केंद्राचे नाव असते. दोन्ही वेळा सोसायटीला कळवले तरी पुरते. छोट्या पक्ष्यांच्या हजारो कड्यांमागे अशी हातावर मोजण्याइतकीच पत्रे येतात, आणि एक आले की आमच्याकडे नकाशावर त्या दोन गावांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढली जाते.